देगलूरच्या दोन बाजूंनी गेलेली सावली

मराठवाड्याच्या आग्नेय टोकाला, जेथे मराठी मुलूख तेलंगणाला भिडतो, कर्नाटकाची हद्दही फार दूर राहत नाही आणि बाजाराच्या दिवशी एकाच पेठेत मराठी, तेलुगू, कानडी व दखनी उर्दू या चार भाषा सहज कानावर पडतात, तेथे देगलूर हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. जमिनीच्या नकाशावर सरहद्दीला असलेले हे गाव आकाशाच्या नकाशावरही तीन वेळा सरहद्दीलाच राहिले, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आलेली आहे. १८६८ सालच्या १८ ऑगस्टला, १८९८ सालच्या २२ जानेवारीला आणि १९८० सालच्या १६ फेब्रुवारीला चंद्राची गडद छाया दख्खनच्या पठारावरून धावत गेली. पहिल्या व तिसऱ्या वेळी ती देगलूरच्या दक्षिणेकडून गेली, मधल्या वेळी वायव्येकडून गेली, आणि तिच्या मार्गाची मध्यरेषा गावापासून कोणत्याही वेळी अडीचशे किलोमीटरांपलीकडे नव्हती. तिन्ही वेळा देगलूरच्या आकाशात सूर्यबिंबाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग झाकला गेला. आणि ज्याच्या दर्शनासाठी विद्वानांनी समुद्र ओलांडले, ते खग्रास सूर्यग्रहण देगलूरला तिन्ही वेळा दिसले नाही.

नव्वद टक्के पाहिले म्हणजे बहुतेक सर्व पाहिले, उरलेल्या दहा टक्क्यांची कल्पना करता येईल, असे कोणासही वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ग्रहणाच्या बाबतीत हा त्रैराशिकाचा हिशेब लागू पडत नाही. भर दुपारचा सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लक्ष पट तेजस्वी असतो. त्याचा नव्व्याण्णव टक्के भाग झाकला, तरी उरलेल्या एका टक्क्याचे तेज चार हजार पौर्णिमांइतके राहते. तेवढ्या उजेडात पोथी वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो, आणि ज्याने वर पाहिले नाही त्याला फार तर ऊन थोडे मलूल झाल्यासारखे वाटते. परंतु तो अखेरचा अंश झाकला गेला की सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचा जो उजेड उरतो, तो सर्व मिळून एका पूर्णचंद्राच्याही आतलाच असतो. बंद खोलीच्या दाराला तसूभर फट राहिली तर आतली भांडीकुंडी ओळखू येतात, आणि ती फट मिटली की खोली अंधारात जाते, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच खंडग्रास आणि खग्रास यांत जो भेद आहे तो कमी-अधिकाचा नसून जातीचा आहे, हे या प्रकरणाचे प्रतिपाद्य आहे.

सावली पडते कशी

सूर्याचा व्यास सुमारे १३ लक्ष ९२ हजार किलोमीटर आहे आणि चंद्राचा ३,४७६ किलोमीटर, म्हणजे चंद्र सूर्याच्या सुमारे चारशेपट लहान आहे. आणि योगायोग असा की, तो सूर्यापेक्षा सुमारे चारशेपट जवळही आहे. त्यामुळे पृथ्वीवरून पाहताना दोन्ही बिंबे जवळजवळ सारख्या आकाराची दिसतात. चंद्राची कक्षा दीर्घवर्तुळाकार असल्याने तो कधी थोडा जवळ असतो, कधी थोडा दूर. जवळ असेल तर सूर्य पुरता झाकला जातो, आणि दूर असेल तर सूर्याची कड कंकणासारखी उरते. त्या ग्रहणास कंकणाकृती म्हणतात आणि त्यात प्रभामंडलाचे दर्शन होत नाही. चंद्राच्या गडद छायेचा शंकू पृथ्वीपर्यंत पोहोचता पोहोचता इतका निमुळता होतो की, जमिनीवर त्याचा पट्टा बहुधा शे-दोनशे किलोमीटर रुंदीचा पडतो, आणि त्या पट्ट्यावरून छाया ताशी हजारो किलोमीटरांच्या वेगाने पुढे सरकते. खग्रास अवस्था साडेसात मिनिटांहून फारशी अधिक राहू शकत नाही; बहुतेक ग्रहणांत ती दोन-चार मिनिटांतच आटोपते. पृथ्वीवर कोठे ना कोठे खग्रास ग्रहण दीड-दोन वर्षांत एकदा होते, परंतु एका ठरावीक गावावरून ती छाया जाण्याचा योग सरासरीने पावणेचारशे वर्षांतून एकदा येतो. देगलूरला तो सव्वाशे वर्षांच्या आत तीनदा हुकला, यात देगलूरचे दुर्दैव नाही. छायेचा पट्टाच इतका अरुंद असतो.

हे गणित आपल्याकडे नवे नाही. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला झाकते, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटीयात स्पष्ट सांगितले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव रचून ज्या-चापांची खटपट टाळली आणि गावोगावच्या ज्योतिषाला ग्रहणाचे गणित पाटीवर करता येईल अशी सोय केली. पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातील पंचांगे त्याच ग्रंथाच्या आधारावर चालली. दक्षिणेतील ताम्रपटांत आणि शिलालेखांत सूर्यग्रहणाच्या पर्वावर दिलेल्या भूमिदानाचे उल्लेख वारंवार येतात. देगलूर तालुक्यातीलच होट्टल येथे ज्या चालुक्यांच्या काळची मंदिरे उभी आहेत, त्या राजवटीच्या लेखांतही ही प्रथा दिसते. म्हणजे स्पर्श केव्हा, मध्य केव्हा आणि मोक्ष केव्हा, हे घटकापळांत सांगणारी विद्या या मुलखात होती आणि त्या घटकेचे महत्त्व जाणणारे राजशासनही होते. उणीव होती ती फक्त घराबाहेर येऊन, सावधपणे, डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याची.

पोळ्याच्या सकाळी

१८६८ सालचा १८ ऑगस्ट हा दिवस पंचांगाच्या हिशेबाने श्रावण अमावस्येचा, म्हणजे पोळ्याचा होता. ज्या सकाळी मराठवाड्यातील कुणबी बैलांना धुऊन, शिंगे रंगवून, झुली चढवून मिरवणुकीची तयारी करीत असेल, त्याच सकाळी चंद्राची छाया पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरून जमखिंडी, विजापूर, निजामाच्या मुलखातील वनपर्ती आणि पुढे गुंटूर, मच्छलीपट्टण अशी पूर्वसमुद्राकडे गेली. जमखिंडी हे पटवर्धनांचे मराठी संस्थान. तेथे लेफ्टनंट जॉन हर्शेल हे, युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू, वर्णपटदर्शक घेऊन मुक्कामास होते. विजापुरास कॅप्टन हेग, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले प्येर जान्सेन, मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉग्सन अशा तुकड्या विखुरल्या होत्या. देगलूर त्या वेळी ज्या हैदराबाद रियासतीत होते तिच्याच हद्दीत, वनपर्तीला, मद्रास वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी आपली तुकडी घेऊन गेले होते. वेधशाळेच्या चाकरीत राहून स्वतंत्र वेध घेणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते.

पावसाळ्याचे दिवस असल्याने ढगांनी अनेक ठिकाणी त्रास दिला, परंतु जेथे आकाश मोकळे मिळाले तेथे एक मोठा प्रश्न निकालात निघाला. खग्रासाच्या वेळी चंद्राच्या काळ्या कडेवर जी तांबूस ज्वालाशिखरे दिसतात ती कशाची बनलेली आहेत, हा तो प्रश्न. वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या, आणि त्यावरून ती तप्त वायूची, मुख्यत्वे हायड्रोजनची, शिखरे आहेत हे ठरले. जान्सेन यांना त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की, दुसऱ्याच दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी वर्णपटदर्शक सूर्याच्या कडेवर रोखून त्या पुन्हा पाहिल्या. तिकडे इंग्लंडात नॉर्मन लॉकियर यांनीही स्वतंत्रपणे तीच युक्ती ऑक्टोबरात साधली, आणि दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. या रेषांत पिवळ्या रंगाची एक रेषा सोडियमच्या जागेपासून किंचित ढळलेली होती. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात द्रव्याशी ती जुळेना, म्हणून लॉकियर यांनी ती नव्या मूलद्रव्याची मानली, तेच हेलियम. पृथ्वीवर ते विल्यम रॅम्से यांना एका खनिजात सापडले ते १८९५ साली, म्हणजे सूर्यावर ओळखले गेल्यानंतर सत्तावीस वर्षांनी.

येथे एका लोकप्रिय समजाची दुरुस्ती करणे भाग आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर जे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवले जातात, तेथून लॉकियर यांनी १८६८ साली हेलियम शोधले, असे पुष्कळदा लिहिले आणि सांगितले जाते. लॉकियर १८६८ साली भारतात नव्हते. ते विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनी, दुसऱ्या ग्रहणासाठी. विजयदुर्गाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. कारण त्या दुसऱ्या ग्रहणाची कथा तितकीच समृद्ध आहे आणि ती सर्वस्वी महाराष्ट्राची आहे.

पौषातली दुपार

१८९८ सालच्या २२ जानेवारीला, पौष अमावस्येच्या शनिवारी, छाया विजयदुर्गाच्या बाजूने किनाऱ्यावर चढली, सह्याद्री ओलांडून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवरून गेली आणि वऱ्हाड, पुलगाव, नागपूर अशी ईशान्येकडे निघून गेली. जेऊर आणि पुलगाव ही दोन स्थळे नकाशावर रेषेने जोडली तर ती रेषा बीड, परभणी आणि हिंगोलीच्या प्रदेशावरून जाते. म्हणजे आजच्या मराठवाड्याचा मोठा टापू त्या दुपारी खऱ्या अर्थाने खग्रासाखाली होता, आणि देगलूर त्या पट्ट्याच्या आग्नेयेस उभे होते.

तो काळ सुखाचा नव्हता. मागल्याच वर्षी दुष्काळाने मुलूख होरपळला होता, मुंबई-पुण्यात प्लेग होता, आणि प्रवासावर सरकारी बंदोबस्त होता. तरीही विजयदुर्गावर लॉकियर यांनी तळ दिला आणि मेल्पोमेनी या इंग्रजी युद्धनौकेवरील खलाशांना यंत्रे चालवण्याचे, वेळ मोजण्याचे आणि प्रभामंडलाची रेखाटने करण्याचे शिक्षण दिले. जेऊरच्या रेल्वे स्टेशनाजवळच्या माळावर अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा रोवून बसले होते. त्याच जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला आपल्या तुकडीसह आले होते. त्यांनी या वेधांचा सविस्तर वृत्तांत पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुलगावला न्यूअल व कॅप्टन हिल्स होते. वऱ्हाडातील तळणी येथे वॉल्टर माँडर व त्यांच्या पत्नी ॲनी माँडर उतरले होते, आणि ॲनीबाईंनी स्वतः योजलेल्या लहान कॅमेऱ्याने प्रभामंडलातून दूरवर गेलेला जो किरणपट्टा टिपला, तितका लांब पट्टा तोवर कोणाच्याही छायाचित्रात आलेला नव्हता. जानेवारीचे कोरडे, निरभ्र दख्खनी आकाश आणि जेमतेम दोन मिनिटांचा अवधी, एवढ्या भांडवलावर हे सर्व झाले. ज्या स्त्रीला त्या काळच्या शासकीय वेधशाळेत विवाहानंतर नोकरी ठेवता आली नव्हती, तिने वऱ्हाडच्या माळावरून जगाला सूर्याचे हे रूप दाखवले, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे.

खग्रासाखाली उभे राहणे

हैदराबाद रियासतीच्या राजधानीत नवाब जफर जंग यांनी १९०१ साली उभारलेली निजामिया वेधशाळा १९०८ साली निजाम सरकारच्या ताब्यात आली. याच वेधशाळेत नोकरीस असलेल्या गृहस्थांचा मुलगा वेणू बापू हैदराबादेत शिकला, पुढे जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ झाला, आणि १९८० च्या ग्रहणाच्या वेळी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा संचालक होता. त्या वर्षी १६ फेब्रुवारीला छाया कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून आत आली, रायचूर जिल्ह्यावरून आणि हैदराबादच्या दक्षिणेकडील उस्मानिया विद्यापीठाच्या जपाळ-रंगापूर वेधशाळेवरून सरकत ओडिशातील पुरीकडे गेली. बापूंच्या संस्थेची एक तुकडी रायचूर जिल्ह्यातील जवळगेरा येथे होती. दख्खनच्या भूमीवर खग्रासाचा असा योग १८९८ नंतर प्रथमच आला होता, म्हणून त्या दिवशी त्या पट्ट्यात उभा असलेला प्रेक्षक काय पाहत होता, ते क्रमाने सांगणे युक्त होईल.

पहिल्या तासात विशेष काही घडत नाही. सूर्याच्या एका कडेला लहानशी खाच पडते आणि ती हळूहळू वाढत जाते. अर्धे बिंब झाकले तरी ऊन ऊनच असते. झाडाखाली मात्र पानांच्या फटींतून पडणारे प्रकाशाचे कवडसे, जे एरवी गोल असतात, ते सगळे कोरीच्या आकाराचे होतात, आणि निंबाखालची जमीन शेकडो लहान चंद्रकोरींनी भरून जाते. बिंबाचा चतुर्थांश उरला की उजेडाचा रंग बदलतो. संध्याकाळचे पिवळे ऊन आणि हे ऊन यांत मोठे अंतर आहे. हे निस्तेज, करडे, धातूच्या झाकेचे ऊन असते, आणि प्रकाश देणारी कोर बारीक झाल्यामुळे वस्तूंच्या सावल्या एका बाजूने विलक्षण रेखीव होतात, इतक्या की हाताच्या सावलीत केस न केस मोजून घ्यावा. हवा गार होऊ लागते. वारा पडतो किंवा दिशा बदलतो. गुरे माना उचलतात, कावळे-चिमण्या झाडांकडे परततात, आणि पांढऱ्या भिंतीवर किंवा पसरलेल्या चादरीवर पाण्यातील लहरींसारखे अंधूक छायापट्टे सरकताना काही वेळा दिसतात.

इथपर्यंतचे बहुतेक सर्व देगलूरलाही घडले असणार. पुढचे घडले नाही. शेवटच्या काही सेकंदांत पश्चिमेच्या क्षितिजावर एखाद्या प्रचंड वळवाच्या ढगाप्रमाणे काळोख उठतो आणि डोळ्यांदेखत धावत येतो. सूर्याची कोर तुटून तिचे मणी होतात, कारण चंद्राच्या कडेवरील डोंगरांच्या खिंडींतून प्रकाश झिरपत असतो. फ्रान्सिस बेली यांनी १८३६ साली त्यांचे वर्णन केले म्हणून ते बेलीचे मणी होत. मणी विझत विझत एकच उरतो आणि क्षणभर हिरा जडवलेली अंगठी आकाशात दिसते. तोही विझला की कडेवर गुलाबी तांबडा वर्णावरणाचा बारीक कंस आणि त्यावर ज्वालाशिखरे झळकतात. आणि जेथे सूर्य होता तेथे सर्वस्वी काळी तबकडी, आणि तिच्याभोवती रुपेरी, मोतिया, तंतुमय असे प्रभामंडल पसरलेले दिसते. ते त्या वेळी प्रकट होत नाही. ते रोज, प्रत्येक दुपारी, तेथेच असते. परंतु सूर्यबिंबाच्या तेजाच्या दहा लक्षाव्या भागाएवढे मंद असल्याने निळ्या आकाशाच्या उजेडात ते बुडून जाते, आणि बिंबाचा शेवटचा कण झाकला जाईपर्यंत ते दिसणे शक्यच नसते. १९८० साली सूर्यावर डागांचा बहर होता, त्यामुळे प्रभामंडल चहूकडे सारखे, जवळजवळ गोल होते. १८९८ साली डाग ओसरत चालले होते, तेव्हा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना लांब पंख पसरल्यासारखी त्याची आकृती होती. १९८० च्या त्या दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य पश्चिमेस कलला होता आणि त्याच्या वरच्या अंगाला बुध व शुक्र दिसण्याजोगे होते. आणि क्षितिजाच्या वर्तुळावर, पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर अशा चारही दिशांना, एकाच वेळी संध्येचा केशरी पट्टा उमटला होता, कारण सावलीच्या कडेपलीकडच्या गावांत अद्याप ऊन होते. उत्तरेकडचा तो पट्टा ज्या गावांच्या दिशेचा होता, त्यांत देगलूरही होते.

दोन-सव्वादोन मिनिटांनी दुसऱ्या कडेवर पुन्हा एक हिरा चमकतो आणि दिवस परततो. ज्यांनी हे पाहिले आहे ते शास्त्रज्ञ असोत की शेतकरी, त्या क्षणी आवाज निघाल्यावाचून राहत नाही. कोणी ओरडतो, कोणी हात जोडतो, कोणी रडतो. या भावनेत अज्ञान नाही. आपण एका फिरत्या गोलावर उभे आहोत, दुसरा गोल आपल्यावरून जात आहे आणि त्यांच्यापलीकडे एक तारा जळत आहे, हे पुस्तकातले ज्ञान त्या दोन मिनिटांत प्रथमच डोळ्यांना पटते, आणि पटलेल्या ज्ञानाचे बळ वाचलेल्या ज्ञानाहून वेगळे असते.

भय आणि त्याचा उतारा

१९८० च्या त्या ग्रहणाच्या दिवशीच देशातील अनेक शहरांचे रस्ते ओस पडले होते. खिडक्या बंद करून माणसे घरात बसली. वेध पाळणे, पाण्यात व अन्नावर तुळशीपत्र ठेवणे, मोक्षानंतर स्नान करणे, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेचे विषय आहेत आणि त्यांत कोणाचे नुकसान नाही. परंतु गर्भवतीला अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास अवघडून, अन्नपाण्यावाचून बसवणे हे नुकसानच आहे. ग्रहणाने गर्भाला अपाय होत नाही, उपाशी ठेवल्याने मात्र होऊ शकतो. परातीतल्या पाण्यात मुसळ उभे करून ग्रहणाच्या बळाने ते उभे राहिले असे दाखवण्याचा प्रघात मराठवाड्याच्या व तेलंगणाच्या खेड्यांत आहे. सपाट बुडाचे मुसळ नेटाने तोलले तर कोणत्याही दिवशी उभे राहते, हे प्रत्येक घरात करून पाहता येण्याजोगे आहे. ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाक घालीत ज्यांना दारोदार फिरावे लागले, त्यांच्या वाट्याला ग्रहणाने आकाशातला देखावा दिला नाही, गावाबाहेरच्या जिण्याची आठवणच दिली. ती प्रथा मागे पडत चालली, हे चांगलेच झाले.

एक धोका मात्र खरा आहे आणि तो कळकळीने सांगितला पाहिजे. खंडग्रास अवस्थेत सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी क्षणभरही पाहू नये. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे तो भाजत असताना माणसाला पत्ता लागत नाही आणि गेलेली दृष्टी पुष्कळदा परत येत नाही. काजळी धरलेली काच, क्ष-किरणाची फिल्म, साधा गॉगल, शेण कालवलेल्या पाण्यातले प्रतिबिंब, यांतले काहीही भरवशाचे नाही. प्रमाणित सौरचष्मा वापरावा. तो नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याचे बिंब कागदावर पाडावे, किंवा घरातली चाळण उन्हात धरावी आणि तिच्या सावलीत पडलेल्या कोरी मुलांना दाखवाव्यात. केवळ पूर्ण खग्रासाच्या दोन-चार मिनिटांत, बिंबाचा एकही कण उघडा नसताना, उघड्या डोळ्यांनी पाहण्यास भीती नाही. आणि तो योग पट्ट्याच्या आत उभे राहिल्याखेरीज येत नाही.

या दर्शनाचे मोल केवळ डोळ्यांच्या तृप्तीपुरते नाही. १८६९ च्या ग्रहणात प्रभामंडलाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा सापडली, आणि ती कोणत्या द्रव्याची हे सत्तर वर्षे कोणास उलगडेना. ती लोखंडाची आहे, परंतु ज्या अणूने आपले तेरा इलेक्ट्रॉन गमावले आहेत अशा लोखंडाची, हे ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या कामातून १९४० च्या आसपास निश्चित झाले. लोखंडाची अशी अवस्था व्हायला दहा लक्ष अंशांहून अधिक तापमान लागते, आणि सूर्याचा पृष्ठभाग तर साडेपाच हजार अंशांचा आहे. ज्वालेपासून दूर जाताना उष्णता वाढत का जावी, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. २०२३ सालच्या २ सप्टेंबरला भारताने पाठवलेल्या आदित्य-एल१ या यानावर बापूंच्याच संस्थेने घडवलेले एक यंत्र सूर्यबिंब कृत्रिमपणे झाकून हेच प्रभामंडल रोज न्याहाळीत आहे. जमखिंडी, वनपर्ती, जेऊर आणि जवळगेरा येथे मिनिटांत मोजले गेलेले काम आता वर्षानुवर्षे अखंड चालू आहे.

पुढचा योग

ग्रहणांची कुळे असतात. अठरा वर्षे व साधारण अकरा दिवसांनी त्याच कुळातले पुढचे ग्रहण येते, परंतु मधल्या आठ तासांच्या फरकाने ते पृथ्वीच्या तिसऱ्याच भागात दिसते. तीन आवर्तने झाली की, चोपन्न वर्षे आणि महिनाभराने, छाया पुन्हा त्याच रेखांशांच्या आसपास येते. १८९८ चे जेऊरचे ग्रहण ज्या कुळातले, त्याच कुळातले ग्रहण २०२४ सालच्या ८ एप्रिलला मेक्सिको, अमेरिका व कॅनडाने पाहिले. आणि १९८० चे रायचूर-रंगापूरचे ग्रहण ज्या कुळातले, त्याचे तिसरे आवर्तन २०३४ सालच्या २० मार्चला येत असून त्याची गडद छाया भारताच्या उत्तर टोकाला, लडाखच्या बाजूला, स्पर्श करणार आहे. ज्या ग्रहणाने देगलूरला दोनशे किलोमीटरांनी हुलकावणी दिली, त्याचेच वंशज आपल्या देशाच्या भूमीवर परतत आहे.

तत्पूर्वी २०२७ सालच्या २ ऑगस्टला इजिप्तमधील लक्सरला सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास होईल आणि महाराष्ट्रातून सायंकाळच्या सुमारास ते खंडग्रास दिसेल. पावसाळा असला तरी आकाशाचा एखादा तुकडा मोकळा मिळू शकतो. २०३१ सालच्या २१ मे रोजी केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती ग्रहण आहे. ते आपल्याकडे खंडग्रास दिसेल. देगलूर, मुखेड, बिलोली, उदगीर येथील शिक्षकांस आणि पालकांस या लेखकाची विनंती आहे की, त्या दिवशी शाळेची दारे लावून मुलांना घरी धाडू नये. त्यांना मैदानात आणावे, चष्मे द्यावेत, चाळणीखालच्या कोरी मोजू द्याव्यात, आणि वहीत स्पर्शाची व मोक्षाची वेळ स्वतः पाहून नोंदवू द्यावी, म्हणजे पंचांगातील गणित खरे ठरते हे त्यांना स्वतःच्या हिशेबाने कळेल. ज्याची ऐपत आणि प्रकृती साथ देईल त्याने मात्र आयुष्यात एकदा तरी खग्रासाच्या पट्ट्यात जाऊन उभे राहावे. रेल्वेचे भाडे, वाटेतली गैरसोय, आणि ऐन वेळी ढग येण्याचा संभव, हा सर्व खर्च जमेस धरूनही जावे. देगलूरकडे ती सावली आपणहून येण्याची वाट पाहत बसणे कोणाही एका आयुष्याला परवडणारे नाही. सावलीकडे आपणच गेले पाहिजे, आणि २० मार्च २०३४ ही तारीख आजच वहीत लिहून ठेवली पाहिजे.